मुलांची नेहमीची आजारपणं: घरात काय ओळखावं, शाळेत काय सांगावं, विष्णुपुरीला केव्हा न्यावं

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात बाळं होती. आणखी एका दिवसात हा आकडा ३१ वर गेला आणि त्यात १६ बालकं होती. देशभर बातम्या झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा, खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, हे सगळं बाहेर आलं. रुग्णालयाकडून असंही सांगण्यात आलं की बरीच बाळं इतर दवाखान्यांतून अगदी अखेरच्या अवस्थेत इथे आणली गेली होती.

सरकारला जाब विचारायचा तो विचारायलाच हवा, त्यात माफी नाही. पण त्या शेवटच्या वाक्यात एक गोष्ट आपल्या घरापर्यंत येते, ती म्हणजे उशीर. नांदेडच काय, हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि शेजारच्या तेलंगणातूनही माणसं लातूर रोडवरच्या या एका रुग्णालयाकडे येतात. किनवट-माहूरकडून निघालं तर रस्त्यातच तीन-चार तास जातात. त्याआधी गल्लीतला डॉक्टर, मग तालुक्याचा, मग पैशांची जुळवाजुळव. गरीब माणूस हौसेने उशीर करत नाही. पण कधीकधी उशीर होतो तो केवळ "हे नेहमीचंच आहे, उतरेल" असं वाटल्यामुळे. म्हणून नेहमीच्या आजारांत नेहमीचं काय आणि धोक्याचं काय, हे प्रत्येक अम्मी-अब्बांना आणि खास करून घरातल्या दादी-नानीला ठाऊक असायला पाहिजे, कारण घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

अगदी लहान बाळ

पहिल्या महिन्यातलं बाळ आजारी पडलं की मोठ्या मुलासारखं रडून सांगत नाही, उलट ते गप्प होतं. दूध ओढत नाही, अंग गार पडतं किंवा तापतं, हात-पाय सैल सोडतं, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट बघू नये. कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर आणखीच जपायचं. नेताना त्याला आईच्या उघड्या छातीला कातडीला कातडी लावून धरावं, डोक्याला टोपी, वरून शाल. गार पडलेलं बाळ दवाखान्यात पोहोचेपर्यंतच निम्मं हरलेलं असतं, ते या साध्या उपायाने वाचू शकतं.

आपल्याकडे तहनीकची रीत आहे. करायची तर हात स्वच्छ धुऊन, मऊ खजुराचा नाममात्र अंश टाळूला लावावा, आणि बाळ काचेच्या पेटीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मध मात्र एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवू नये. मधात असणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. घुट्टी, ग्राइप वॉटर, वरचं पाणी, सहा महिने काहीच नको. आईचं दूध पुरतं.

पसली चलना

खोकला-सर्दी प्रत्येक मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा होते आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होते. यातली धोक्याची सर्दी ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं. मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, त्याचं पोट-छाती पूर्ण एक मिनिट बघून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपल्या घरांत "पसली चल रही है" म्हणतात, तर ते आणखी गंभीर. या अवस्थेत पोटाला बिब्बा लावणं, चटके देणं हा मुलावर अत्याचार आहे, उपचार नाही. दम करून आणायचं तर आणा, दुआ करा, पण रिक्षा आधी बोलवा.

खोकल्याच्या बाटलीबद्दल एक गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांखाली ते सहसा लागत नाही. मेडिकलवाल्याला "बच्चे की खांसी की अच्छी वाली दे दो" म्हणण्याची सवय आता तरी सोडायला हवी.

दस्त लागले तर

जुलाबाने मूल जातं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. त्यामुळे "पोटात काही टिकत नाही, दूध बंद करा" हा सल्ला उलटा आहे. दूध चालू, खिचडी, दही-भात, केळं चालू, आणि प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. तीच ही पुडी. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच पूर्ण टाकायची. थोडी आज, थोडी उद्या असं नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने.

दुकानात "ओआरएस" नाव लावलेली गोड पेयं खोक्यांतून मिळायची, ती ओआरएस नव्हतीच. साखर जास्त असल्याने त्यांनी जुलाब वाढायचे. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी कित्येक वर्षं याविरुद्ध झगडा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खऱ्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हा शब्द वापरायला बंदी घातली. तेव्हा पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघूनच घ्या. अंगणवाडीत आणि आशाताईकडे ती फुकट मिळते. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाच. डोळे खोल गेले, लघवी सहा-आठ तासांत झाली नाही, शौचात रक्त आलं किंवा मूल उठेनासं झालं तर थेट दवाखाना.

गोवर आणि सुई

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईतली गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव या भागांत गोवर पसरला, मुलं दगावली. तिन्ही ठिकाणी आपली वस्ती मोठी आहे. लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुलं फार होती. कोविडच्या काळात राहिलेले डोस, सतत बदलणारं भाड्याचं घर, आणि सुईबद्दल पसरलेल्या अफवा ही कारणं होती. अफवेवर एवढंच सांगते: हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस सक्तीची आहे आणि ती सौदी सरकारच मागतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रावर भरून काढता येतो. खसरा झालाच तर मुलाला अंधाऱ्या खोलीत उपाशी ठेवू नका. व्हिटॅमिन ए चे दोन डोस, पाणी आणि पुरेसं खाणं लागतं, नाहीतर डोळ्यांवर आणि छातीवर येतं.

जो आजार आजार वाटतच नाही

आता शाळेत येऊ. वर्गात सर्वांत जास्त आढळणारी तक्रार ताप नसून रक्त कमी असणं ही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत तो ५३.८ टक्के होता. म्हणजे दहातली जवळजवळ सात मुलं, आणि प्रमाण वाढतंय. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. त्यांना आपण "सुस्त", "काहिल", "ध्यान नाही" म्हणतो. मुलगी पाटीवरची पेन्सिल, खडू, माती खाते म्हणून तिला मारलं जातं, पण ते खाणं हेच बहुतेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. खालची पापणी ओढून बघा, तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून बघा. फिका दिसला तर हिमोग्लोबिन तपासा. पाच वर्षांखाली ११, पाच ते अकरा वर्षं ११.५ आणि बारा-चौदा वर्षं १२ च्या खाली असेल तर ते कमी.

आपल्या घरांत गैरसमज असा की "हम तो गोश्त खाते हैं, खून कैसे कम होगा". आठवड्यातून एकदा बिर्याणीत मुलाच्या वाट्याला आलेला एक तुकडा पुरत नाही, आणि त्यावर लगेच चहा पाजला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सकाळी चहा-टोस्ट, शाळेत कुरकुरे, संध्याकाळी चहा-खारी हा आमच्या अर्ध्या वर्गाचा आहार आहे. स्वस्तातलं लोह इथेच आहे: बकऱ्याची कलेजी महिन्यातून दोन-तीनदा, ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, चवळी, हलीमचे दाणे म्हणजे अळीव, शेंगदाणे-गूळ, आणि जेवताना वर लिंबू पिळायचं. चहा जेवणापासून तासभर लांब.

शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते. लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. कित्येक पालक "गोळी देऊ नका, काहीतरी होईल" अशी चिठ्ठी पाठवतात. होतं ते एवढंच की रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं आणि शौच काळं होतं. दोन्ही घाबरण्यासारखं नाही. जंतांची गोळीही अशीच. वर्षातून ठरलेल्या दिवशी ती शाळेत आणि अंगणवाडीत समोर चावून खायला लावतात. पोटातले जंत रक्त पितात, मग खाल्लेलं कुणाच्या उपयोगी?

लोह महिनोन्महिने देऊनही रक्त वाढत नसेल तर थॅलेसेमियाची तपासणी मागा. हा आजार आईवडील दोघंही वाहक असतील तरच मुलात उतरतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे कळत नाही. नात्यात लग्न झालं की दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांची लग्नं आपल्यात होतात, मामाची मुलगी करण्याची चाल मराठवाड्यातल्या इतर समाजांतही आहे, तेव्हा यात कुणी कुणाकडे बोट दाखवायचं कारण नाही. रिश्ता पक्का करण्याआधी दोघांची एक रक्ततपासणी करावी.

लपवलेले आजार

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. दमा, मिरगी आणि साखरेचा आजार असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात, पण प्रवेश अर्जावर "आजार असल्यास" या रकान्यात सगळ्यांचं "नाही" असतं. मुलगी असेल तर नक्कीच नाही. कारण एकच: उद्या कुणाला कळलं तर रिश्ता कसा जमणार. मग ती मुलगी वर्गात कोसळते तेव्हा शिक्षकाला काय करायचं ते माहीत नसतं आणि चाळीस मुलं बघत असतात. लपवलेलं त्या एका मिनिटात गल्लीभर होतं, ते पण सर्वांत वाईट रूपात.

मिरगी हा मेंदूतल्या विजेचा आजार आहे, साया नाही, असर नाही, लागटही नाही. नियमित गोळीने दहातल्या सात जणांचे झटके थांबू शकतात. कायद्यानेही हा शिक्का पुसला: १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून मिरगीचा उल्लेख काढून टाकण्यात आला. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कॉलर सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणं हा निव्वळ तमाशा. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८ ला फोन. सहा महिने ते पाच वर्षं वयात तापात येणारा झटका वेगळा. तो बहुतेकदा पुढे मिरगी होत नाही, पण पहिल्यांदा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दम्याचं औषध श्वासातून घेणं सर्वांत सुरक्षित, कारण थोडंच औषध थेट छातीत जातं. "पंप की आदत लग जाएगी" या भीतीने लोक गोळ्या आणि इंजेक्शनं घेत फिरतात. लहान मुलाला पंपासोबत स्पेसर, म्हणजे ती लांबट नळी, लागते. नाहीतर औषध जिभेवरच बसतं. घरात दम्याचं मूल असेल तर जुमेरातची लोबानची धुनी, अगरबत्ती, मच्छर कॉइल आणि अब्बांची सिगारेट या चार गोष्टी त्याच्या खोलीपासून दूर. धुनी अंगणात देता येते. सिगारेट मात्र अंगणातली पण कपड्यांसोबत आत येते.

मुलांचा मधुमेह मोठ्यांसारखा नसतो. त्यांच्या अंगात इन्सुलिन बनणंच थांबतं. फार तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा करू लागणं, भरपूर खाऊन वजन उतरणं, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी साखर तपासा. इन्सुलिन रोज, कायमचं. ते बंद करून जडीबुटी सुरू केली की मूल काही दिवसांत बेशुद्ध होतं. शाळेत अशा मुलाला वर्ग चालू असताना खायला आणि लघवीला जायला मुभा हवी. ते अचानक घामाघूम झालं, थरथरलं, विचित्र बोलू लागलं तर साखर उतरली असं समजून लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना.

इथे रमजानचा विषय येतोच. रोजा कुशाईची हौस असते, फोटो काढले जातात, हार घातले जातात. बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही आणि आजाऱ्याला सवलत आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी "सगळी भावंडं रोज्यात, मीच का नाही" म्हणून इन्सुलिनवरचं मूल गुपचूप रोजा धरतं. त्याला आधीच, शाबानमध्येच, बसवून समजवा आणि इफ्तारची तयारी, सहरीला उठवणं असं काही काम सोपवा. मिरगीच्या गोळीची वेळ चुकली तरी झटका येऊ शकतो. थोरल्या मुलांनी रोजा धरावा की नाही, ते डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा.

डोळे-कानांचं थोडक्यात. फळा दिसत नाही असं मूल कधी सांगत नाही, ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं. मार्क उतरले की शिकवणी लावण्याआधी डोळे तपासा. सुरमा लहान मुलांना नकोच. बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं आणि ते रक्तावर, बुद्धीवर परिणाम करतं. वाहत्या कानात गरम तेल ओतू नये. खरूज झाली तर औषध एकट्या मुलाला नाही, एकाच रात्री घरातल्या सगळ्यांना लावायचं.

कुठे जायचं, काय न्यायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा येतं, जन्मजात हृदयदोष, फाटलेला ओठ, तिरळेपणा, बहिरेपणा, उशिरा बोलणं असे तीसेक प्रकार तपासतं आणि पुढचे उपचार मोफत करून देतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आणि मदरशांत मात्र हे पथक सहसा पोहोचत नाही. मदरशात राहणाऱ्या मुलाच्या पालकांनी सुट्टीत जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन तपासणी करून घ्यावी, लसीकरण कार्डाची एक प्रत मदरशात द्यावी.

१०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत मिळते. मोठा खर्च असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. विष्णुपुरीला निघताना रेशनकार्ड, आईवडिलांचं आणि असेल तर मुलाचं आधार, लसीकरण कार्ड, आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घ्या. "सफेद गोळी दी थी" यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

आणि वर्गशिक्षकाला एक चिठ्ठी. त्यात मुलाचा आजार, रोजचं औषध, त्रास झाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, आणि उचलला जाईल असा फोन नंबर. अब्बा गाडीवर असतील तर खालाचा किंवा मामूंचा. वर "ही माहिती फक्त शिक्षकांसाठी" असं लिहा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात द्या, आणि शिक्षक बदलले की पुन्हा.